फेसावरचा कर आणि साखरेचा हिशेब

(लातूर येथील एका व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

उपस्थित बंधू-भगिनींनो,

साखरेच्या पेयांविषयी लातुरात बोलायचे, तर एक गोष्ट आधीच मान्य केली पाहिजे की, या सभागृहातल्या कित्येक घरांची चूल ऊस आणि साखर कारखाना यांच्यावर पेटते. म्हणून मी साखरेला विष वगैरे म्हणणार नाही. तसे म्हणणे शास्त्रालाही धरून नाही. माझा विषय मर्यादित आहे. पाण्यात विरघळवून, थंड करून, तहानलेल्या माणसाला विकली जाणारी साखर आणि तिच्याबाबत सरकारे लावत असलेले नियम, एवढ्याविषयीच मी बोलणार आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलेली मर्यादा अशी की, दिवसभराच्या एकूण उष्मांकांत वरून घातलेल्या किंवा मध, फळांचे रस यांतून येणाऱ्या मोकळ्या साखरेचा वाटा १० टक्क्यांहून कमी असावा आणि जमल्यास तो ५ टक्क्यांच्याही खाली आणावा. दिवसाला २००० कॅलरी घेणाऱ्या प्रौढ माणसासाठी हे आकडे ५० आणि २५ ग्रॅम असे येतात. कोलाच्या ३०० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे ३२ ग्रॅम साखर असते, म्हणजे एका बाटलीतच दुसरी मर्यादा ओलांडली जाते. इथपर्यंत सगळे माना डोलावतात. मात्र हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहार-मार्गदर्शिकेत उसाच्या रसात १०० मिलिलिटरमागे १३ ते १५ ग्रॅम साखर असते, तो कमीत कमी प्यावा, असे म्हटले आहे, हे सांगितले की समोरच्यांच्या कपाळावर आठ्या पडतात. रसवंतीतला रस ताजा असतो, त्यात आले-लिंबू असते आणि बाटलीतल्या पेयापेक्षा तो मलाही अधिक प्रिय आहे. स्वादुपिंडाला मात्र हा फरक कळत नाही.

तीच साखर खाल्ली काय आणि प्यायली काय, असे अनेकांना वाटते. तसे नाही. साखरेच्या रेणूत निम्मा भाग ग्लुकोज आणि निम्मा फ्रुक्टोज असतो, आणि या फ्रुक्टोजचा बराचसा भार यकृतावर पडतो. तो थोड्या वेळात मोठ्या प्रमाणात आला आणि रोजच येत राहिला, तर यकृत त्याची चरबी बनवू लागते, ती तिथेच साचते आणि पुढे शरीर इन्सुलिनला नीट दाद देईनासे होते. त्यातच पेय चावावे लागत नसल्यामुळे पोट भरल्याची जाणीव होत नाही. सव्वाशे कॅलरी पिऊन पानावर बसलेला माणूस भाकरी कमी खात नाही. जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १८४ देशांची माहिती तपासणाऱ्या एका अभ्यासाच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात टाइप २ मधुमेहाचे सुमारे २२ लाख आणि हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचे सुमारे १२ लाख नवे रुग्ण या पेयांमुळे वाढले. लॅटिन अमेरिकेत तर मधुमेहाच्या नव्या रुग्णांपैकी जवळपास एक चतुर्थांश रुग्णांचे कारण हेच होते.

आपण भारतीय मेक्सिकोच्या तुलनेत बाटलीबंद पेये फारच कमी पितो, मग आपल्याला काळजी कशाची, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आपल्या शरीराच्या घडणीत आहे. युरोपीय माणसापेक्षा आपल्याला मधुमेह कमी वजनावर आणि कमी वयात गाठतो. २०२३ मध्ये आलेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह होता आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर होते. अशा लोकसंख्येपुढे दहा रुपयांची थंड बाटली प्रत्येक एसटी स्टँडवर आणि प्रत्येक लग्नमंडपात आली आहे.

मेक्सिकोचे उदाहरण मराठवाड्याने जरा बारकाईने पाहावे. तिथल्या चियापास राज्यात पाऊस पुष्कळ पडतो, पण अनेक वस्त्यांत नळाला भरवशाचे पाणी नाही. कोला मात्र सगळीकडे पोहोचतो आणि तान्ह्या मुलांच्या तोंडालाही लागतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाणी घेऊन निघालेल्या जलदूत रेल्वेची वाट पाहिलेल्या या शहराला पाण्याचा आणि पेयाचा हा संबंध समजावून सांगायची गरज नाही. तहानेच्या वेळी जे हाताशी असेल, ते माणूस पितो. मेक्सिकोने जानेवारी २०१४ पासून साखरयुक्त पेयांवर लिटरमागे १ पेसो कर बसवला. पहिल्या वर्षी खरेदी सुमारे साडेपाच टक्क्यांनी आणि दुसऱ्या वर्षी साडेनऊ टक्क्यांहून अधिक घटली. या कराचा पैसा शाळांमधल्या पिण्याच्या पाण्यासाठी वापरावा, ही मागणी तिथल्या कार्यकर्त्यांनी करासोबतच लावून धरली होती आणि मला ती करापेक्षाही महत्त्वाची वाटते.

ब्रिटनने त्याहून हुशारीचा मार्ग धरला. तिथे एप्रिल २०१८ मध्ये कर लागू झाला, तेव्हा १०० मिलिलिटरमध्ये ५ ग्रॅमपेक्षा कमी साखर असलेल्या पेयावर तो नव्हता, ५ ते ८ ग्रॅमपर्यंत लिटरमागे १८ पेन्स आणि ८ ग्रॅमच्या पुढे २४ पेन्स होता. घोषणा मार्च २०१६ मध्येच केलेली असल्यामुळे कंपन्यांना दोन वर्षे मिळाली आणि त्यांनी कर भरण्याऐवजी साखरच कमी केली. ग्राहकाने काही सोडण्याआधीच बाटली बदलली.

आता आपल्याकडे पाहू. २२ सप्टेंबर २०२५ पासून वायुयुक्त गोड पेयांवर ४० टक्के जीएसटी आहे, म्हणजे दर जगातल्या कडक दरांच्या पंक्तीत बसतो. परंतु फेस नसलेल्या, फळांच्या गरापासून केलेल्या पेयांवर तोच कर ५ टक्के आहे, आणि बाटलीतल्या आंब्याच्या पेयात साखर कोलाइतकी, कधी त्याहून जास्तही असते. उलट साखर अजिबात नसलेला डाएट सोडा ४० टक्क्यांत जातो. हा कर फेस मोजतो, साखर मोजत नाही. त्यामुळे साखर कमी करण्याचे कोणतेच कारण तो उत्पादकाला देत नाही, आणि आई मुलाच्या हातातला कोला काढून त्याऐवजी ‘फळाचे’ म्हणून स्वस्त पेय देते, तेव्हा आपण काही चांगले केले असेच तिला वाटते. माझा आजचा मुख्य आक्षेप हाच आहे. ग्रॅमवर आकारणी करा, मग पेय कोणत्याही रंगाचे वा नावाचे असो.

नावाचा विषय निघाला म्हणून क्षारसंजीवनीचेही, म्हणजे जुलाबात देतात त्या ओआरएसचेही, सांगतो. खऱ्या ओआरएसमध्ये लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते. ते प्रमाण काटेकोर ठरवलेले आहे, कारण आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीने शोषले जातात आणि त्यांच्यामागे पाणी आत जाते. साखर त्याच्या कित्येक पट झाली की ती उलट पाणी आतड्यात ओढते आणि जुलाब वाढतात. तरीही ओआरएस ही अक्षरे मिरवणारी गोड पेये औषधांच्या दुकानांत वर्षानुवर्षे विकली गेली. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्याविरुद्ध दीर्घकाळ लढा दिला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ते नाव वापरण्यास मनाई केली. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ अंशांवर जातो, तेव्हा ओआरएस विकत घेताना पाकिटावरचे घटक वाचावेत.

पेयांतली साखर घटली तर ऊस उत्पादकाचे काय, हा प्रश्न टाळून मी जाणार नाही. देशातल्या साखरेचा मोठा हिस्सा घरगुती डब्यांत नव्हे, तर पेये, मिठाई आणि बिस्किटांच्या उद्योगांत जातो, म्हणजे परिणाम होणारच. पण कारखान्यांना इथेनॉलचा रस्ता आता खुला आहे, आणि पेयांच्या नियमांमुळे होणारी घट एका रात्रीत होत नाही. ब्रिटनप्रमाणे आधी मुदत देऊन ती पचवता येते.

शाळांपुरता नियम तर आपल्याकडे आधीच आहे. २०२० च्या अन्न सुरक्षा नियमावलीनुसार अति साखर, मीठ वा चरबी असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. शाळा व्यवस्थापन समितीचे जे सदस्य इथे बसले आहेत, त्यांनी पुढच्या बैठकीत पिण्याच्या पाण्याच्या टाकीचा विषय पहिला घ्यावा आणि ५० मीटरचा त्याच्यानंतर. पाण्याची सोय नसताना टपरी हटवली, तर मुले ५१ व्या मीटरवर जातील.