बरणीतला वास, तोंडातली चव

(नाशिकमध्ये गंगापूर रोडवरच्या एका छोट्या सभागृहात, श्रावणातल्या एका संध्याकाळी दिलेलं व्याख्यान. बोलण्याचा बाज तसाच ठेवून संपादित केलं आहे.)

नमस्कार मंडळी. टेबलावरच्या पाच बरण्यांकडे सगळ्यांचं लक्ष आहे, म्हणून आधी सांगून टाकतो. यांत पाईपमध्ये भरायचा तंबाखू आहे, पण इथे कोणी काडी ओढायची नाही. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागेत धूम्रपानाला बंदी आहे आणि दोनशे रुपयांपर्यंत दंड आहे. दंड भरायला कोणी तयार असलं तरी हॉलवाले पुन्हा हॉल देणार नाहीत. तेव्हा आज फक्त हुंगायचं आणि बोटांनी चाचपायचं.

आणखी एक. जो ओढत नाही, त्याने माझं ऐकून सुरू करू नये. पाईपचा धूर छातीत घेत नाहीत, म्हणून तो निरुपद्रवी, असं पाईपवाले एकमेकांना सांगत असतात. ते खोटं आहे. निकोटीन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात उतरतं आणि ओठ, जीभ, गाल यांचा कर्करोग पाईपनेही होतो. मी बोलतोय ते ज्यांच्या हातात पाईप आधीच आहे त्यांच्याशी. कोणाला देवळालीच्या तोफखान्यातून निवृत्त झालेल्या काकांनी दिलेला असतो, कोणाला आजोबांच्या कपाटात सापडलेला असतो. मग पहिला प्रश्न तोच: यात भरायचं काय?

मी काय भरलं ते सांगतो. ओझरच्या कारखान्यात लागून दोनेक वर्षं झाली होती. मुंबईला गेलो असताना एका दुकानात पाकीट उघडून नाकाशी धरलं. चेरी, व्हॅनिला, जणू बेकरीत शिरलोय! दुकानदार म्हणाला, नवख्यांसाठी हेच. घरी येऊन पाईप ठासून भरला आणि आगगाडीसारखा ओढला. चेरी आली नाही. आली ती गरम वाफ, आणि जिभेच्या शेंड्याची नुसती आग. दुसऱ्या दिवशी रविवार, मित्रांबरोबर मिसळीला बसलो. पहिल्याच घासाला डोळ्यांतून पाणी. मित्र म्हणाले, अरे, तर्री कमी घे. तर्रीचा काय दोष! मी मात्र वर्षभर म्हणत राहिलो की तो तंबाखूच वाईट होता.

तो वाईट नव्हता. ओला होता. आणि हे मला ज्या बाईने समजावलं, तिने जन्मात पाईप पाहिला नव्हता.

माझी मावशी सिन्नरची. त्या काळी सिन्नरला घरोघरी विड्या वळायच्या. मांडीवर सूप, सुपात एका बाजूला टेंभुर्णीची कापलेली पानं, दुसऱ्या बाजूला जर्दा. बोलता बोलता विडी वळून व्हायची, नखाने तोंड दुमडायची, दोरा गुंडाळायची, बघायचीसुद्धा नाही. जर्दा आला की आधी ती एक मूठ घट्ट दाबायची आणि मूठ उघडायची. जर्दा हळूहळू फुलून मोकळा झाला तर ठीक. गोळा तसाच राहिला तर म्हणायची, "ओला आहे, विझंल." उघडताच भुगा झाला तर, "करपट लागंल." मी माझं पाकीट तिच्या पुढ्यात ठेवलं. तिने मूठ दाबली, उघडली. लाडू! मूठ माझ्यापुढे तशीच धरून ती हसली. म्हणाली, "ह्याचा चिवडा होईस्तोवर पसरून ठेव."

माझं आजचं व्याख्यान खरं म्हणजे एवढंच आहे. पाकीट नाकाने निवडू नका, हाताने निवडा. पण तुम्ही रिक्षाचे पैसे खर्च करून आलाय, तर पुढे बोलतो.

एक नंबरची बरणी फिरवा. हा व्हर्जिनिया. बंद कोठीत, नळ्यांतून खेळवलेल्या गरम हवेवर पान सुकवतात. साखर पानातच राहते, म्हणून रंग पिवळा आणि वास वाळल्या गवताचा. हाच मुरला की काळपट होतो आणि त्याला बेदाण्याचा वास येतो. पिंपळगावकडचं कोणी असेल तर लगेच ओळखेल. चव गोड, पण जोरात ओढलात तर जीभ सगळ्यात जास्त हाच चावतो.

दोन नंबर, बर्ली. हा सावलीत, वाऱ्यावर सुकवलेला. साखर जवळपास नाही. भाजलेल्या शेंगदाण्याच्या टरफलासारखा वास येतोय ना? हे पान फार शोषून घेणारं. पाव जसा रस्सा पितो तसं हे सिरप पितं. म्हणून चेरी-व्हॅनिलाच्या पाकिटांत बऱ्याचदा बर्ली असतो. निकोटीन मात्र याच्यात सहसा जास्त. रिकाम्या पोटी ओढलात तर उचकी, घाम, मळमळ. तसं झालं तर पाईप खाली ठेवा, गुळाचा खडा तोंडात टाका आणि बसून राहा.

तीन नंबरला मागच्या रांगेत लोकांनी नाक मुरडलेलं दिसतंय! हा लताकिया. सीरियातल्या त्या बंदराचं नाव. आज मिळतो तो बहुतेक सायप्रसच्या नावाचा. पान आधी उन्हात वाळवतात, मग सुगंधी लाकडाच्या धुरावर टांगतात. म्हणून वास चुलीवरच्या कांबळ्यासारखा. हा मसाला आहे, भाजी नव्हे. दगडफूल थोडं घालतो, वाटीभर घालत नाही, तसं. आणि एक धोका: हा ज्या पाईपमध्ये ओढाल, त्याचा वास त्या लाकडातून महिनोन् महिने जात नाही.

चौथ्या बरणीतला पेरीक. लुइझियानातल्या सेंट जेम्स परगण्यात पान पिंपात दाबून वर्षभर आंबवतात, मधून मधून काढून उलटतात, पुन्हा दाबतात. आपल्या लोणच्याचाच प्रकार. नुसता ओढायचा नाही, चिमूटभर मिसळायचा. नवख्याने त्याच्या वाटेला जाऊच नये. पाचवी बरणी कॅव्हेंडिश. हे पानाचं नाव नाही, करणीचं नाव आहे: वाफ, दाब, बहुतेकदा गोडवा. पाकिटावर ‘ब्लॅक कॅव्हेंडिश’ वाचून ती तंबाखूची वेगळी जात आहे असं समजणारे पुष्कळ भेटतात. मीही त्यातलाच होतो.

मग घ्यायचं काय? माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. बर्लीत थोडा व्हर्जिनिया, वरून अगदी हलका गोडवा, असलं साधं मिश्रण. अमेरिकेत १९०७ मध्ये निघालेला प्रिन्स अल्बर्ट नावाचा तंबाखू हा बर्लीचाच, आणि तो इतकी वर्षं टिकला तो काही उगाच नाही. कापणी रिबन, बारीक लांब पट्ट्यांची घ्या, म्हणजे भरायला सोपी. फ्लेक म्हणजे दाबून वडीसारखे काप केलेले असतात. ते हाताने मोकळे करता येईपर्यंत थांबा. प्लग तर गुळाची ढेपच, सुरी लागते. आणि पाव किलो घेऊ नका. बाहेरून येणारा तंबाखू महाग असतो, आणि आवडला नाही तर तो वर्षानुवर्षं कपाटात पडून राहतो. माझ्याकडे अशी पाच डबडी आहेत. घरचे त्यांना ‘संग्रहालय’ म्हणतात.

लाकडाचा भारी पाईपही लगेच नको. मिसुरी राज्यातल्या वॉशिंग्टन नावाच्या गावात १८६९ पासून दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाचे पाईप बनतात. स्वस्त, हलके, आणि बिघडले तरी जीव हळहळत नाही. एक लताकियासाठी, एक बाकीच्यांसाठी.

आता ओलावा. पाकिटातून काढलेला तंबाखू साध्या कागदावर पसरा. मे महिन्यात नाशिकला दहा मिनिटं पुरतात, नाहीतर भुगा होतो. आजच्यासारख्या हवेत अर्धा दिवस ठेवला तरी मावशीच्या मुठीत लाडूच होईल. मग बल्बजवळ ठेवा, पण तव्यावर नको. मी तेही केलंय. भरताना तीन वेळा भरा: खाली अगदी सैल, मधे जरा दाबून, वर थोडा घट्ट. रिकामाच ओढून बघा, शहाळ्यातलं पाणी नळीने येतं तितक्या सहज हवा आली पाहिजे. पहिली काडी लावली की वरचा थर फुगून वर येतो. तो हलक्या हाताने दाबा, दुसरी काडी लावा. पाईप विझणारच. विझला की पेटवा, त्यात लाज कसली? विझू नये म्हणून भसाभसा ओढणं, जीभ पोळते ती तिथे.

(एका ताईंनी विचारलं की आजोबांचा पाईप तीस वर्षं डब्यात आहे, काळा आणि कडवट वास येतो. त्यांच्या मुलाला त्यात गोड तंबाखू चालेल का?)

ताई, तो वास आजोबांच्या तंबाखूचा आहे. मुलगा अठराच्या वर आहे ना? आहे, तर आधी आतली काजळी खरवडा, पण लाकूड दिसेपर्यंत नको. जुन्या रुपयाच्या जाडीइतका थर राहू द्या. पाईप क्लीनर स्पिरिटमध्ये बुडवून नळी साफ करा, दोन दिवस वाळू द्या. मग त्यात बर्ली भरा, गोड नको. गोड भरलंत तर आधी आजोबा लागतील, मग व्हॅनिला, आणि दोघांचं पटणार नाही. आणि खरं सांगू? मी असतो तर तो डबा बंदच ठेवला असता, आणि मुलाला कणसाचासुद्धा घेऊन दिला नसता.

बरं, वेळ झाली. बरण्या पुढे येऊ द्या. एक, दोन, चार, पाच... तीन नंबर कोणाकडे राहिली? तुमच्याकडे? मघाशी नाक तुम्हीच मुरडलं होतं ना! असू दे, अजून हुंगा. फक्त झाकण घट्ट लावून द्या, बाहेर पाऊस आहे.