माजाची पावडर आणि नराचा वास

शेळी-मेंढीपालक बंधू-भगिनींनो, नमस्कार.

"आडहंगामात कळप माजावर येत नाही, कोणती पावडर चारू?" हा प्रश्न कायम कानावर येतो. स्पष्टच सांगतो, नुसत्या पावडरीनं माज, म्हणजे मादीला नराची ओढ लागण्याचा काळ, येत नाही. दिवस लहान होऊ लागले की माजावर येणारी ही जनावरं. रात्र लांबली की मेंदूत मेलॅटोनिन नावाचं संप्रेरक जास्त वेळ पाझरतं आणि बीजांडकोश जागे होतात. विषुववृत्तापासून दूर हे चक्र कडक असतं. जवळच्या मुलखात ते सैल असतं, तिथे पाऊस आणि चाऱ्याचाच जोर जास्त.

पण एक बिनखर्ची उपाय आहे. नराला महिनाभर कळपापासून इतकं लांब ठेवा, की त्याचा वाससुद्धा येता कामा नये. मग एकदम आत सोडा. माद्यांचे बीजांडकोश पार गाढ विश्रांतीत नसतील, तर बऱ्याच जणींचं बीज दोन-तीन दिवसांत सुटतं. शेळ्यांचा पहिला माज बहुधा फुकट जातो, आठवडाभरात त्या पुन्हा माजावर येतात. मेंढ्यांचं पहिलं बीज तर मुक्या माजात, म्हणजे बाहेर काही लक्षण न दिसता सुटतं. उघड माज दिसतो सतरा ते पंचवीस दिवसांनी. तेवढा धीर न धरता मेंढा बाजाराला नेणारे कमी नाहीत!

आता खुराक. मेंढीच्या शेवटच्या बरगडीमागे, कमरेवर हात दाबून बघा. मणक्याची टोकं पेन्सिलीसारखी टोचली, तर ती खंगलेली आहे, तिला आधी सावरू द्या. बोटं थोडी दाबल्यावर टोकं लागली, तर ती मध्यम. शेळीची चरबी पोटात साठते, म्हणून तिची छातीही चाचपा. मध्यम किंवा किंचित हडकुळ्या माद्यांना नर सोडण्याआधी दोन-तीन आठवडे रोज पाव किलो जादा भरडा द्या, जुळ्यांची शक्यता वाढते. लठ्ठ मादीला तोच भरडा वाया. आणि तो हळूहळू वाढवा, एकदम ओतलात तर पोटात आम्ल होऊन जनावर दगावतं.

नराकडे मात्र कुणी बघत नाही. शुक्राणू तयार व्हायला साधारण सात आठवडे लागतात, म्हणजे त्याचा खुराक दोन महिने आधी सुरू हवा.

फळल्यानंतर महिनाभर खुराकात मोठी चढ-उतार नको. उपासमारीनं गर्भ जातो, आणि मेंढीला अति चारलं तर गर्भ टिकवणारं संप्रेरक रक्तात कमी होतं.

खनिज मिश्रण जरूर द्या, पण गायी-म्हशींचं किंवा शेळ्यांचं मिश्रण मेंढ्यांपुढे ठेवू नका. त्यातलं तांबं मेंढीच्या यकृतात साठत जातं. कित्येक आठवडे काहीच दिसत नाही, आणि एके दिवशी डोळे पिवळे, लघवी गडद तपकिरी. तेव्हा डॉक्टरांच्याही हाती फारसं उरत नाही. पिशवी घेताना ती मेंढ्यांसाठीच असल्याचं छापलंय का, ते वाचून घ्या.

नमस्कार.