सगळ्यात मोठं विमान आत येणार कुठून?

(दृश्य: रिकामं दालन, जमिनीवर खडूने आखलेली विमानाची बाह्यरेषा)

विमान संग्रहालयाचा आराखडा सगळ्यात मोठ्या विमानापासून सुरू होतो. बोइंग ७४७-४०० घ्या. पंखांचा पसारा ६४ मीटर, शेपटीची उंची १९ मीटरहून जास्त. एवढ्या जागेत मधे खांब चालत नाही, म्हणून छत एकतर कमानीचं, नाहीतर पोलादी कैच्यांचं, म्हणजे दांड्या त्रिकोणात जोडून केलेल्या सांगाड्यांचं. उंची धरायची ती कैचीच्या खालच्या दांडीपर्यंत, त्यातूनही दिवे, हवेचे डक्ट आणि आग विझवणाऱ्या स्प्रिंकलरचे पाइप वजा करून. इथे हिशेब फसला, तर शेपूट सोडवूनच विमान आत न्यावं लागतं.

(दृश्य: डक्सफर्डची काचेची भिंत)

इंग्लंडमध्ये डक्सफर्डला फॉस्टर अँड पार्टनर्स हे वास्तुविशारद आणि अरप या कंपनीच्या अभियंत्यांनी बी-५२ या बॉम्बर विमानाभोवती संग्रहालयाची इमारत बांधली. पंख ५६ मीटरचे. वर काँक्रीटचं दुहेरी कवच, पुढे ९० मीटर रुंद काच. या काचा सोडवता येतात, कारण विमानांची वाट तीच. इमारत १९९७ मध्ये खुली झाली, पुढच्या वर्षी तिला स्टर्लिंग हे ब्रिटनचं वास्तुकलेचं पारितोषिक मिळालं. प्रेक्षक थेट विमानाच्या नाकाच्या उंचीवर आत येतो आणि मग उताराने खाली जातो. आमच्या मते या इमारतीतला सगळ्यात हुशार निर्णय हाच.

काचेचा दुसरा हिशेबही आहे. अतिनील किरणांनी कापडी आवरण कुजतं, रबर तडकतं, कॉकपिटची पारदर्शक छत्री पिवळी पडते. नाजूक कापडासाठी संग्रहालयं ५० लक्सच्या (लक्स हे प्रकाश मोजायचं एकक) आसपास प्रकाश ठेवतात. काचेच्या भिंतीलगत दिवसा तो कितीतरी पट असतो. तेव्हा धातूची विमानं काचेजवळ, कापडी विमानं आतल्या अंधाऱ्या भागात.

(दृश्य: तारेवर टांगलेलं विमान, क्लोज-अप)

आता टांगणी. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई आणि अंतराळ संग्रहालयात टांगलेलं डीसी-३ सुमारे साडेसात टनांचं आहे. अशा विमानाला दोर बांधायचा तो त्याच्या मूळ उचल-बिंदूंनाच, पत्र्याला कधीच नाही. दोन दोर सरळ उभे असतील तर प्रत्येकावर निम्मं वजन येतं. तेच दोर आडव्या रेषेशी ३० अंशांवर आणले, तर प्रत्येकावर पूर्ण वजनाएवढा ताण येतो, शिवाय सांगाडा आतल्या बाजूला दाबला जातो. चार दोर लावले की एक हमखास थोडा आखूड निघतो. मग कर्णावरचे दोनच भार घेतात आणि उरलेले नुसते लोंबतात. म्हणून प्रत्येक दोराला टर्नबकल, म्हणजे फिरवून लांबी कमी-जास्त करायचा स्क्रू, आणि ताण जुळवताना तो मोजणारा लोड सेल.

बाहेरचा दगडही दगा देतो. याच संग्रहालयाच्या १९७६ च्या इमारतीला लावलेल्या संगमरवराच्या पातळ फरश्या ऊन-पावसाने वाकल्या. २०१८ पासूनच्या नूतनीकरणात त्या काढून ग्रॅनाइट लावला गेला.

(दृश्य: चाकाखालचा जॅक, त्याखाली तेलाचा ट्रे)

जमिनीवरची विमानं जॅकवर पेलायची, नाहीतर टायर बसतात. जॅकचं टोक लहान, भार मोठा. तिथे स्लॅबचा हिशेब वेगळा. इंधन काढलं तरी हायड्रॉलिक तेल ठिबकत राहतं, म्हणून फरशी तेल न शोषणारी हवी.

राहता राहिली धूळ. टांगलेल्या विमानापर्यंत पोचायला बूम लिफ्ट, म्हणजे लांब हातावर माणसाला वर नेणारी चाकांची गाडी, लागते. खालची विमानं दाटीने लावली, तर तिला वळायला जागा उरत नाही. तिचा रस्ता आराखड्यातच आखून मोकळा सोडायचा. तिथे नंतर तिकीट खिडकी किंवा खुर्च्या येऊ द्यायच्या नाहीत.