'बाबा घरीही असेच हसवतात का?'

लहानपणी मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न सांगतो. शाळेत, लग्नात, दवाखान्यात, लिफ्टमध्ये, कुठेही: 'काय रे, बाबा घरीही असेच हसवतात का?' विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर आधीच हसू असायचं. उत्तर त्याने मनात ठरवलेलं असायचं, माझ्या तोंडून फक्त ऐकायचं असायचं. सात वर्षांचा होईपर्यंत मी ते उत्तर बिनचूक द्यायला शिकलो होतो. 'हो, खूप हसवतात.'

ते खोटं होतं. माझे वडील विनोदी नट होते आणि घरी फार कमी बोलायचे. त्यांचं नाव मी इथे घेणार नाही. ते घेतलं की सभागृहातले निम्मे लोक त्यांच्या आठवणीत रमतात आणि मुलाची गोष्ट मागे पडते, हे मी अनेकदा पाहिलंय. रात्रीचा प्रयोग आटोपून ते पहाटे यायचे, दुपारपर्यंत झोपायचे. 'हळू, बाबा झोपलेत' हे आमच्या घरात सगळ्यात जास्त बोललं जाणारं वाक्य होतं. हातातून भांडं निसटलं तर आई आमच्यापेक्षा जास्त दचकायची. आम्ही शाळेतून यायचो तेव्हा ते निघायच्या घाईत असायचे. धाकटी बहीण टीव्हीवर ते दिसले की हात हलवायची आणि बाबा उलट हात हलवत नाहीत म्हणून रुसून बसायची. पुढे घरात ही गंमत म्हणून सांगितली जायची, पण तिचं ते रुसणं खरं होतं.

वडील मला मिळायचे ते मेकअपच्या खोलीत. सुट्टीत आई कधीकधी प्रयोगाला घेऊन जायची. पडदा पडला की मी आत पळायचो. बाबा आरशासमोर बसून कापसाच्या बोळ्यावर तेल घेऊन चेहरा पुसत असायचे. आधी कपाळ, मग गाल, शेवटी डोळ्यांखालचं काजळ. अर्धा चेहरा रंगलेला आणि अर्धा थकलेला, पिवळट, मिशीखाली डिंकाचा लाल डाग. ते आरशातून माझ्याकडे बघायचे आणि काहीच करायचे नाहीत. हसायचे नाहीत, हसवायचे नाहीत. फार तर 'जेवलास?' म्हणायचे. जेमतेम दहा मिनिटं. मग दारावर टकटक व्हायची, कुणीतरी भेटायला आलेलं असायचं, आणि तो चेहरा दिवा लागावा तसा लागायचा. ती दहा मिनिटं माझी होती, आणि दार वाजलं की ती संपली हे मला कळायचं.

1970च्या दशकात एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने काही महिन्यांच्या बाळांवर एक साधी चाचणी केली. आई बाळाशी खेळते, बोलते. मग तिला काही मिनिटं चेहरा पूर्ण निर्विकार ठेवायला सांगतात. बाळ आधी हसतं, हात पुढे करतं, आवाज काढतं, आईला परत आणायचे त्याला येतात तेवढे सगळे उपाय करतं. काहीच चालत नाही तेव्हा ते मान फिरवतं, अंग चोरतं, रडतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून खाली ठेवलं. आमच्या घरी हे उलटं होतं. चेहरा जिवंत होता, पण तो जिवंत व्हायचा तो दुसऱ्यांसाठी. आणि उपाय करत होतो मी, अनेक वर्षं.

कलावंताचं मूल लाडाने बिघडतं असं लोक म्हणतात. मला हे पटत नाही. माझ्या ओळखीची अशी जी मुलं आहेत, त्यांच्यावर लाडापेक्षा एका कामाचा भार जास्त होता. ते काम म्हणजे आईवडिलांची प्रतिमा सांभाळणं. 'हो, खूप हसवतात' हे त्या नोकरीतलं पहिलं वाक्य. घरात दारू आहे, भांडण आहे, पैशाची चणचण आहे, बाबा दोन दिवस खोलीतून बाहेर आलेले नाहीत, यातलं काहीही बाहेर बोलायचं नाही. बोललं तरी विश्वास कोण ठेवणार? सगळ्या गावाचं ज्याच्यावर प्रेम आहे, त्याची तक्रार कुणापाशी करायची?

बिंग क्रॉस्बी या गायकाचं उदाहरण घ्या. 1942 साली त्याने ध्वनिमुद्रित केलेलं नाताळचं गाणं जगात सर्वाधिक विकल्या गेलेल्या गाण्यांत अग्रभागी मानलं जातं. हसतमुख, निवांत, प्रेमळ बाप अशी त्याची ओळख होती. तो 1977 साली गेला. 1983 साली थोरला मुलगा गॅरी याने पुस्तक लिहून घरातली मारहाण, वजनावरून होणारे टोमणे आणि स्वतःचं दारूचं व्यसन हे सगळं उघड केलं. लोक दुखावले. सख्ख्या भावाने, फिलिपने, हे जाहीरपणे नाकारलं. पुढे आणखी दोन भावांनी, लिंडसेने 1989 साली आणि डेनिसने 1991 साली, स्वतःचं आयुष्य संपवलं. त्या घरात नेमकं काय घडलं याचा निवाडा मी करणार नाही. पण बाप गेल्यावर, तेही पन्नाशीच्या आसपास पोचल्यावर, मुलाला पहिल्यांदा बोलता येतं, आणि तेव्हाही त्याला आधी श्रोत्यांची समजूत काढावी लागते, हे मला ओळखीचं आहे.

कारणं एवढीच नाहीत, हेही सांगायला हवं. दारूच्या व्यसनात आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा असतो, असं जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसलं आहे. माझे आजोबाही प्यायचे. मानसशास्त्रज्ञ सुनिया लुथर यांनी अमेरिकेतल्या सुखवस्तू घरांमधल्या किशोरांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्यात नशेचं प्रमाण अपेक्षेपेक्षा जास्त निघालं. त्यांनी त्याचा संबंध दोन गोष्टींशी जोडला, यशाचा ताण आणि आईवडिलांपासूनचं तुटलेपण. म्हणजे घरात प्रसिद्ध माणूस असायलाच हवा असं नाही. प्रसिद्धी त्यात एक गोष्ट वाढवते. ती मुलाच्या चुकीचा परिणामच त्याच्यापासून हिरावून घेते. हे जरा सविस्तर सांगतो.

पंधराव्या वर्षी मी शाळेत एका मुलाला इतकं मारलं की त्याच्या भुवईला टाके पडले. बाबांना बोलावणं गेलं. मी मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर बाकावर बसलो होतो आणि खरं सांगतो, मी खूश होतो. दिवसाढवळ्या, फक्त माझ्यासाठी बाबा येणार होते. ते रागावतील, कदाचित मारतील, पण माझ्याकडे बघून मारतील. ते आले. दार बंद झालं. पाच मिनिटांत आतून हसण्याचा आवाज आला. मग मोठा हशा. दार उघडलं तेव्हा मुख्याध्यापक डोळे पुसत होते आणि टेबलावर मुलीसाठी घेतलेली सही होती. मला म्हणाले, 'नशीबवान आहेस रे.' बाबा माझ्या खांद्यावर हात ठेवून पायऱ्या उतरले आणि गाडीत बसून कामाला निघून गेले. त्या टाक्यांबद्दल आमच्यात शेवटपर्यंत बोलणं झालं नाही. ज्याला लागलं होतं, त्या मुलाची माफी मी बावीस वर्षांनी मागितली.

त्या दिवशी मी काय शिकलो असेन ते तुम्हीच बघा. पुढचं लवकर सांगतो, कारण व्यसनाच्या गोष्टी सगळीकडे सारख्याच असतात. दारू, मग गोळ्या, मग रात्री गाडी ठोकणं. पेपरात माझं नाव आलं नाही. 'सुप्रसिद्ध विनोदवीराचा मुलगा' एवढंच आलं. माझ्या अपघातातही मी नव्हतो. दर वेळी कुणीतरी धावून यायचं. बाबांचे मॅनेजर, ड्रायव्हर, ओळखीचे अधिकारी. ती सगळी माणसं प्रेमाने यायची आणि मला आणखी खोल ढकलून जायची. त्यांच्यापैकी कुणी इथे असतील तर त्यांच्यावर माझा राग नाही. पण पुढच्या मुलासाठी असं धावून जाऊ नका, एवढी विनंती करतो.

संजय दत्त यांनी स्वतः सांगितलेली एक गोष्ट मला नेहमी आठवते. नर्गिस 3 मे 1981 रोजी गेल्या. पाचच दिवसांनी मुलाचा पहिला मोठा चित्रपट 'रॉकी' प्रदर्शित झाला. तो त्या काळात व्यसनात बुडालेला होता. पुढे अमेरिकेत उपचार झाल्यावर त्याने आईने आजारपणात त्याच्यासाठी टेपवर बोलून ठेवलेलं ऐकलं, आणि तेव्हा तो रडला, खूप वेळ रडला. आईला जाऊन एव्हाना काही वर्षं झाली होती. त्या आईचा आवाज लाखो लोकांनी ऐकलेला होता, चित्रपटगृहात, रेडिओवर. पण ही टेप दुसऱ्या कुणासाठी नव्हती. बांध त्या आवाजाने फुटला यात मला नवल वाटत नाही.

माझ्या बाबतीत आवाजही नव्हता, शांतता होती. मी दुसऱ्यांदा व्यसनमुक्ती केंद्रात होतो. कुटुंबीयांसोबत गटात बसायचा दिवस होता. गोल मांडलेल्या बारा खुर्च्या. बाबा आले आणि अर्थातच सगळे खुलले. समुपदेशक बाईंनी विचारलं, 'मुलाबद्दल काय वाटतं?' बाबांनी माझ्या लहानपणीचा एक किस्सा सांगायला घेतला. काय सांगितला! हावभाव, आवाज, थांबायच्या जागा, सगळं चोख. गट खो खो हसला. बाईही हसल्या. मीही हसलो. हसणं ओसरल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, 'आता हेच त्याच्याकडे बघून सांगा.'

बाबा माझ्याकडे वळले. तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. कुणी खोकलंसुद्धा नाही. हळूहळू चेहऱ्यावरचं सगळं उतरलं, आणि मला तो ओळखीचा, थकलेला, पिवळट चेहरा दिसला. वीस वर्षांनी. ते काहीच बोलले नाहीत. त्यांच्या डोळ्यांत भीती होती. आयुष्यभर समोरचा हसला नाही तर काय होईल या भीतीवर त्यांनी आपलं घर चालवलं होतं, आणि समोर मी होतो, न हसणारा. मला त्यांची कीव आली नाही, माया आली. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, 'जेवलास?'

ट्रॉनिक यांच्या कामातला दुसरा भाग कमी सांगितला जातो. चांगल्या नात्यातसुद्धा आई आणि बाळ पूर्ण जुळलेले असतात ते जेमतेम 30 टक्के वेळ. बाकी वेळ चुकामूकच. बाळ वाढतं ते चुकामुकीनंतर पुन्हा जुळवून घेण्यातून. मला हा आकडा फार मोठा आधार वाटतो. बाबांकडून मला 30 टक्केही मिळाले नसतील, पण जुळवून घ्यायला आमच्याकडे नंतर नऊ वर्षं होती. त्यात मी पुन्हा एकदा घसरलो. त्यांनी तेव्हा कुणालाही फोन केला नाही. स्वतः रिक्षाने आले आणि माझ्याशेजारी बसून राहिले.

शेवटच्या आजारपणात ते दवाखान्यात होते. रात्रपाळीची तरुण नर्स सलाईन बदलत होती. तिने त्यांना ओळखलं होतं. काम करता करता तिने माझ्याकडे वळून विचारलं, 'बाबा घरीही असेच हसवायचे का हो?'

बाबांचे डोळे मिटलेले होते. मी म्हणालो, 'नाही. घरी ते गप्प असायचे.'

ती ओशाळली, बहुतेक मी रागावलोय असं तिला वाटलं. बाबांनी डोळे उघडले, आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं.

'खरं सांगतोय तो,' ते म्हणाले.