इंजिनाच्या नाकावरचा बाक

मंडळी, २१ एप्रिल १९०९ या दिवसापासून सुरुवात करतो. आजच्या केनियातल्या मोंबासाच्या किलिंदिनी बंदरात ‘अ‍ॅडमिरल’ नावाची जर्मन बोट लागली, तेव्हा पाऊस नुसता कोसळत होता. बोटीतून उतरले थिओडोर रूझवेल्ट. अमेरिकेचं राष्ट्राध्यक्षपद सोडून त्यांना जेमतेम सात आठवडे झाले होते. बरोबर एकोणीस वर्षांचा मुलगा केरमिट, स्मिथसोनियन या अमेरिकेतल्या संग्रहालय-संशोधन संस्थेने दिलेले तीन निसर्गतज्ज्ञ, आणि त्याच बोटीने आलेला फ्रेडरिक सेलस, म्हणजे त्या काळातला शिकाऱ्यांचा शिकारी.

शिकारीसाठी आफ्रिकेत उतरलेल्या माणसांनी पहिल्या दिवसांबद्दल पुष्कळ लिहून ठेवलंय. मी त्यातलं बरंच वाचलं. खरं सांगतो, चार वाचले की पाचवा पाठ होतो. अथांग माळ, कळपच कळप, रात्री सिंहाची डरकाळी. रूझवेल्टांचं आगमन मी निवडलं ते एका बाकासाठी.

मोंबासाहून निघणाऱ्या युगांडा रेल्वेच्या इंजिनाला पुढे काउकॅचर असायचा, रुळावरची जनावरं बाजूला ढकलणारी लोखंडी जाळी. तिच्या वरच्या बाजूला, इंजिनाच्या अगदी नाकावर, एक लाकडी बाक बसवला होता. मागे तापलेलं इंजिन, पुढे काही नाही. रूझवेल्ट, सेलस आणि तिथले हंगामी गव्हर्नर फ्रेडरिक जॅक्सन या बाकावर बसले आणि गाडी निघाली. बाकावरून त्यांना दिसले झेब्रे, हार्टबीस्ट हरणं, जिराफ, आणि तेही गाडीकडे ढुंकून न पाहणारे. आपली गाडी हिमयुगातून चालली आहे, असं रूझवेल्टांना वाटलं. माणूस यायच्या आधीची पृथ्वी!

इथे मी जरा अडतो. कारण ती जनावरं निर्धास्त होती याचं कारण हिमयुग नव्हतं, कायदा होता. लोहमार्गाच्या दक्षिणेला संरक्षित प्रदेश होता, तिथे बंदूक चालवायला बंदी. गाडी म्हणजे धूर सोडणारं, पण न चावणारं एक जनावर, हे कळपांना ठाऊक झालेलं. ज्या मुबलकपणाने पाहुणे भारावून जात, तो एका नियमाने राखलेला होता.

आणि माळ मोकळा का होता? १८९० च्या दशकात पूर्व आफ्रिकेवर बुळकांडीची, म्हणजे गुरांच्या जीवघेण्या रोगाची, साथ आली. आपल्याकडच्या जुन्या शेतकऱ्यांना हा शब्द अजून आठवत असेल. ही साथ हिंदुस्थानातून नेलेल्या गुरांबरोबर तिकडे पोचली असं मानतात. मासाई या तिथल्या गुरं पाळणाऱ्या जमातीची गुरं अक्षरशः झडली. पाठोपाठ देवी, दुष्काळ. मग १९०४ मध्ये करार करून लोहमार्गाजवळची उत्तम चराऊ जमीन मासाईंकडून काढून घेतली आणि त्यांना दूर हलवलं. पाच वर्षांनी बाकावर बसलेल्या माणसाला समोर निर्मनुष्य माळ दिसला, तर त्यात नवल कसलं!

आता बाकाखाली बघू. रूळ एक मीटर अंतराचे, आपल्या मीटरगेजचेच. १८९६ ते १९०१ या काळात हा मार्ग टाकायला हिंदुस्थानातून, मुख्यतः पंजाबातून, सुमारे ३२,००० मजूर नेले होते. त्यातले जवळजवळ अडीच हजार तिकडेच मेले. त्सावो नदीवरच्या पुलाचं काम चालू असताना १८९८ मध्ये दोन नरभक्षक सिंहांनी मजुरांना तंबूतून ओढून नेलं, ती गोष्ट तुम्हाला माहीत असेल. सिंहांचं नाव झालं. तापाने आणि हगवणीने त्याहून कितीतरी जास्त माणसं गेली, पण हगवणीची गोष्ट कोण सांगतो?

वाटेत प्रवासी जेवायला उतरत ते डाक बंगल्यात. हो, डाक बंगलाच म्हणत. चलन रुपयाचं. बाहेरून आलेल्या शिकाऱ्याचा परवाना साडेसातशे रुपयांना मिळे. त्यात कोणतं जनावर किती मारायचं ते ठरवून दिलेलं असे, मात्र सिंह आणि बिबट्या उपद्रवी प्राणी, म्हणून त्यांना मोजदाद नाही. ‘सफारी’ हा शब्द तर आपल्या ‘सफर’चा सख्खा भाऊ, दोघेही अरबीतून आलेले. तिथल्या स्वाहिली भाषेत दुकानाला दुका, गाडीला गारी, पैशाला पेसा, हिशेबाला हेसाबु.

आम्ही नवरा-बायको दोन वर्षांपूर्वी तिकडे गेलो, २०१७ मध्ये सुरू झालेल्या नव्या रेल्वेने. वातानुकूलित डबा, काचा बंद. त्सावोत हत्ती दिसले, विटकरी रंगाचे. बायको म्हणाली, “अहो, हे रंगवलेत का?” तिथली माती लाल, हत्ती ती अंगावर उडवून घेतात. जुन्या गाडीतून नैरोबीला उतरणारा माणूसही त्याच रंगाचा होऊन उतरत असे. माझी पहिली आठवण मात्र त्या हत्तींची नाही. डब्यातल्या पोऱ्याने “चाय?” विचारलं, ती आहे.

असो. रूझवेल्ट नैरोबीच्या अलीकडे कापिटी नावाच्या छोट्या स्टेशनावर उतरले. तिथे त्यांचा तळ तयार होता. तंबूंच्या रांगा, रूझवेल्टांच्या तंबूवर भलामोठा अमेरिकन झेंडा, आणि दोनशेहून जास्त हमाल. एका हमालाचं ओझं साठ पौंड, म्हणजे सत्तावीस किलो. कातडी खारवायला चार टन मीठ आणलं होतं. ते सगळं एकदम उचललं नसेल, पण हिशेब करून पाहा, नुसत्या मिठाची ओझी सव्वाशेच्या वर जातात. पुस्तकंही होती. होमर, शेक्सपियर वगैरे निवडक पुस्तकं डुकराच्या कातड्यात बांधून घेतली होती, म्हणजे घाम लागो, रक्त लागो, खराब व्हायला नको. पेटीसकट त्यांचं वजन साठ पौंडांच्या किंचित आत बसवलेलं. एका डोक्याचा भार. पुढे अकरा महिने ही पेटी कुणाच्या ना कुणाच्या डोक्यावरून चालली, आणि बापलेकांनी मिळून ५१२ जनावरं मारली.

पाहुण्याला आफ्रिका कशी वाटली, हे आपल्याला पानोपानी वाचायला मिळतं. पाहुणा तिथल्या लोकांना कसा वाटला? याचा पुरावा फार थोडा आहे. एक मात्र त्या वेळच्या वर्तमानपत्रांत झळकला होता. तिथल्या लोकांनी रूझवेल्टांना नाव पाडलं होतं, ‘ब्वाना तुंबो’. ब्वाना म्हणजे साहेब, आणि तुंबो म्हणजे पोट. दोंदवाले साहेब!