दाढ काढायच्या आधी आणि नंतर

नमस्कार. मागे उभं राहू नका, पुढे चार-पाच खुर्च्या रिकाम्या आहेत, या. मी ओरल सर्जन, म्हणजे तोंडाची आणि जबड्याची ऑपरेशनं करणारी डॉक्टर. गाडीवरून पडून जबडा मोडलेले पेशंट येतात, गाठीवाले येतात, पण रोजचं काम म्हणाल तर दाढा काढायचं, त्यातही आडव्या अडकलेल्या अक्कलदाढा. म्हणून आज मुख्य तेच.

आधी एक भीती. वरचा दात काढला की नजर जाते, हे मघाशी चहा घेताना सुद्धा एका काकूंनी विचारलं. नाही जात हो. दाताची नस वेगळी, डोळ्याला दिसतं ती नस वेगळी, त्या दोघींचा काही संबंध नाही. साठीनंतर दातही हलायला लागतात आणि मोतीबिंदूही होतो, म्हणून लोकांनी दोन्हीची सांगड घातली. आणि त्या भीतीपोटी सडलेली दाढ वर्षानुवर्षं तोंडात ठेवतात, मग पू हाडात उतरतो, गळ्याकडे सरकतो, खरा धोका तो आहे.

आता मला सगळ्यात तळमळीने सांगायचंय ते हे. खुर्चीत बसायच्या आधी तुमच्या सगळ्या गोळ्या दाखवा, नाव आठवत नसेल तर डबाच घेऊन या, आणि स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करू नका. माझ्या सख्ख्या काकांची अँजिओप्लास्टी होऊन सहा महिने झाले होते आणि दाढ दुखायला लागली. मी तेव्हा परगावी शिकत होते. त्यांनी एका दवाखान्यात फोन केला, तिथून सांगितलं की रक्त पातळ व्हायच्या गोळ्या पाच दिवस बंद करा आणि मग या. त्यांनी केल्या, हृदयाच्या डॉक्टरांना विचारलंच नाही, आणि चौथ्या दिवशी पहाटे छातीत कळ आली, स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवायला आत बसवलेली जाळी, आतून बंद झाला होता. वाचले, पण जिना चढताना दम लागायला लागला तो कायमचा. हिरडीतलं रक्त आम्हाला थांबवता येतं, टाके असतात, जिलेटिनचा स्पंज असतो, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडमध्ये भिजवलेला गॉज असतो. हृदयात गुठळी झाली तर दातांचा डॉक्टर काय करणार? ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करायच्या गोळ्या एक-दोन दातांसाठी सहसा बंद करत नाहीत. रक्त पातळ करायचंच वॉरफेरिन किंवा ॲसिट्रॉम असेल तर आदल्या दिवशी आयएनआरची टेस्ट, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी, करून रिपोर्ट आणा. बाकी काही बदल करायचा असेल तर तो दोन्ही डॉक्टर बोलून ठरवतील.

आणि एक गोष्ट बायका हमखास सांगायची विसरतात, ती म्हणजे हाडं ठिसूळ झाल्यावर वर्षातून एकदा लावतात ते झोलेड्रोनिक ॲसिडचं सलाईन. रोजची गोळी नाही ना, म्हणून ते औषध वाटतच नाही. त्या औषधावर असताना दाढ काढली तर क्वचित कधीकधी जखम भरतच नाही, आतलं हाड उघडं राहतं. आधी कळलं तर आम्ही वेगळी काळजी घेतो, म्हणून ते सलाईन सुरू करायच्या आधीच दात तपासून घेतलेले सगळ्यात बरे. हृदयात कृत्रिम झडप असेल तर तेही सांगा, आधी एक तास अँटिबायोटिक द्यावं लागतं. डायबेटिसवाल्यांनी उपाशी येऊ नका, फक्त जागेवर भूल द्यायची असेल तर सकाळी नाश्ता, गोळी, इन्सुलिन सगळं नेहमीसारखं घेऊन या.

खालच्या अक्कलदाढेच्या मुळाजवळून एक नस जाते, ओठाला आणि हनुवटीला जाणीव देणारी. मोठा एक्सरे, ज्याला ओपीजी म्हणतात, तो त्यासाठीच काढतो. नस फार जवळ असेल तर ओठ काही आठवडे, काही महिने बधिर राहू शकतो, क्वचित कायमचा. संमतीच्या कागदावर सही करायच्या आधी विचारा की माझी नस किती जवळ आहे, एक्सरेवर दाखवा. विचारलं म्हणून चांगला डॉक्टर चिडत नाही.

आता नंतरचं. दाढ काढल्यावर खड्ड्यात रक्त जमून गुठळी होते, काळपट लाल, जेलीसारखी. ती म्हणजे घाण नाही, ती तुमची मलमपट्टी आहे, तिच्याखाली हाड भरतं. एका आजींचा नातू सकाळी सातला मला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतो, स्टीलचा तांब्या, त्यात लाल पाणी, आणि खाली लिहिलंय मॅडम आजीचं रक्त थांबेना. आजी रात्रभर दर पाच मिनिटांनी थुंकत होत्या, कारण रक्त गिळायचं नाही असं त्यांना कोणीतरी सांगितलेलं. तांब्यात बहुतेक लाळच होती, चमचाभर रक्ताने तांब्याभर लाळ लाल दिसते. पण थुंकताना तोंडात ओढ बसते आणि गुठळी सुटते, की परत रक्त, की परत थुंकणं. आल्यावर मी फक्त जागा पुसली, ओला गॉज घडी करून बरोबर खड्ड्यावर ठेवला आणि म्हटलं आजी, आता पाऊण तास दात आवळून बसा, बोलायचं नाही. थांबलं. म्हणून पहिले २४ तास थुंकू नका, गुळण्या करू नका, स्ट्रॉ नको, लाळ गिळून टाका. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या गुळण्या. बर्फ बाहेरून गालावर, तोही पहिल्याच दिवशी. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढते, घाबरू नका, मग उतरते.

खड्ड्यात हळद, तंबाखू, मिश्री काहीही भरू नका, हात जोडून सांगते. आणि विडी-सिगारेट त्या दिवसांत अजिबात नको. गुठळी गेली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी खड्डा रिकामा, तळाला राखाडी हाड दिसतं, तोंडाला वास येतो आणि कळ कानापर्यंत जाते. त्याला ड्राय सॉकेट म्हणतात, पेनकिलरने भागत नाही, आमच्याकडे या, धुऊन औषध भरतो, बहुतेकांना त्याच दिवशी आराम पडतो. पण जबड्याखाली दोन्ही बाजूंनी कडक सूज आली, गिळता येईना, जीभ वर उचलल्यासारखी वाटायला लागली, श्वास जड झाला तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच मोठ्या हॉस्पिटलला जा, त्यात श्वासाची वाट बंद होऊ शकते.

शेवटी बायोप्सी, म्हणजे चट्ट्याचा छोटा तुकडा काढून तपासणं. सुई लावली की कॅन्सर पसरतो म्हणून लोक चट्टा घेऊन वर्ष-वर्ष घरी बसतात. तुकडा तपासल्याने कॅन्सर पसरत नाही, तो पसरतो वाट बघत बसल्याने. तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर दाखवायलाच हवी, दुखत नसली तरी. गुटख्यावर आपल्या राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण सुपारी घराघरात आहे आणि नुसत्या सुपारीने सुद्धा गालाची कातडी आतून आवळत जाते, तोंड उघडेनासं होतं. आत्ता सगळ्यांनी आपापली तीन बोटं उभी जोडून समोरच्या दातांच्या मध्ये घालून बघा. हो, आत्ताच, लाजू नका. ज्यांची तिन्ही जातात ते ठीक. ज्यांची दोनच जातात, किंवा गालाच्या आत पांढरा-लाल चट्टा आहे, त्यांनी कार्यक्रम संपल्यावर थोडं थांबा, मी टॉर्च आणि ग्लोव्ह्ज घेऊनच आलेय, त्या खिडकीजवळ एकेकाला बघते.