‘एअर अमेरिका’: पडद्यावरची आणि लाओसमधली

१९९० साली प्रदर्शित झालेला, रॉजर स्पॉटिसवुड दिग्दर्शित ‘एअर अमेरिका’ हा चित्रपट १९६९ सालच्या लाओसमध्ये घडतो. मेल गिब्सन यांनी रंगवलेला मुरब्बी वैमानिक जीन आणि रॉबर्ट डाउनी ज्युनिअर यांनी रंगवलेला नवखा वैमानिक बिली यांच्या मैत्रीतून, थट्टामस्करीतून आणि जिवावरच्या उड्डाणांतून तो एका छुप्या युद्धाची गोष्ट सांगतो.

हे दोघे ज्या ‘एअर अमेरिका’साठी उडतात, ती विमानकंपनी काल्पनिक नव्हती. १९४६ साली चीनमध्ये सुरू झालेली एक खासगी विमानसेवा सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेने १९५० मध्ये गुपचूप विकत घेतली आणि १९५९ मध्ये तिला ‘एअर अमेरिका’ हे नाव मिळाले. १९६२ च्या जिनिव्हा कराराने लाओस तटस्थ ठरला. त्यावर देखरेख ठेवणाऱ्या आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे होते, ही गोष्ट आपल्याकडे क्वचितच आठवली जाते. उत्तर व्हिएतनामचे सैन्य मात्र तेथून हटले नाही आणि अमेरिकेला उघडपणे सैन्य पाठवता येत नव्हते. म्हणून जमिनीवर सेनापती वांग पाओ यांच्या नेतृत्वाखाली ह्मोंग या लाओसमधल्या डोंगरी जमातीचे लोक लढले आणि त्यांना धान्य, दारूगोळा व औषधे पोहोचवण्याचे काम नागरी वेशातील या वैमानिकांनी केले.

डोंगराच्या सोंडेवर जेमतेम सपाट केलेल्या धावपट्ट्यांवर पिलाटस पोर्टरसारखी छोटी विमाने चढाच्या दिशेने उतरत आणि उताराच्या दिशेने उडत. जिथे उतरणेच अशक्य होते, तिथे तांदूळ वरून टाकला जाई. आतले पोते आपटून फाटले तरी दाणे बाहेरच्या पोत्यात राहावेत, म्हणून तो एकात एक घातलेल्या पोत्यांत भरलेला असे. १२ जानेवारी १९६८ रोजी फु फा थी डोंगरावरील अमेरिकेच्या गुप्त रडार केंद्रावर उत्तर व्हिएतनामच्या दुपंखी विमानांनी हल्ला केला, तेव्हा एअर अमेरिकाचे वैमानिक टेड मूर यांनी आपले मालवाहू हेलिकॉप्टर त्यांच्या पाठलागावर घातले आणि सहकारी ग्लेन वुड्स यांनी दारातून रायफल झाडून त्यांतील एक विमान पाडले. दोन महिन्यांनी ते केंद्र शत्रूच्या हाती पडले.

चित्रपटाचा सगळा रोख या कंपनीच्या विमानांतून होणाऱ्या अफूच्या वाहतुकीवर आहे. कंपनीच्या अनेक माजी वैमानिकांना तो अन्यायकारक वाटला आणि इतिहासकारांतही त्यावर मतभेद आहेत. मला त्याहून मोठी उणीव वाटते ती ह्मोंग लोकांच्या चित्रणात. ज्यांची मुले या युद्धात मेली, ते या विनोदी कथेत बहुतेक वेळ केवळ पार्श्वभूमी होऊन राहतात.

चित्रपटाच्या शेवटी वैमानिक शस्त्रांचा माल फेकून देऊन निर्वासितांना विमानात घेतात. प्रत्यक्षात एअर अमेरिकाने जून १९७४ मध्येच लाओस सोडले होते. मे १९७५ मध्ये वांग पाओ यांचा लाँग टिएंगचा तळ रिकामा करताना थोडी विमाने कशीबशी मिळाली, वांग पाओ आणि काही कुटुंबे थायलंडला पोहोचली, पण हजारो लोक धावपट्टीवरच मागे राहिले. त्यांतील अनेकांनी पुढे पायी जाऊन मेकाँग नदी ओलांडली, थायलंडच्या छावण्यांत वर्षे काढली आणि नंतर मिनेसोटा व कॅलिफोर्नियात वस्ती केली.